गणपती बसेल ती दुर्बीण

"पहिल्याच बाराला नारळ फुटेल अशी दुर्बीण माझ्या रायफलीवर चढव! नाही फुटला, तर सटवाजी, दसऱ्याच्या संध्याकाळी तुझं बिऱ्हाड संस्थानाच्या वेशीबाहेर!"

तरवडीच्या राजेसाहेबांनी असं फर्मावलं, आणि बंदुका-तलवारींचा शिलेखाना सांभाळणारा म्हातारा सटवाजी उभ्या जागी घामाघूम झाला.

तरवडीची एक रीत होती. दसऱ्याला माळावर उंच बांबूला नारळ टांगायचा, राजेसाहेबांनी तो गोळीनं उडवायचा, आणि मगच घरोघर पुरणपोळीवर तूप पडायचं. गेल्या साली दिवेलागण झाली, तरी नारळ आपला मजेत झोके घेतोय! पोरं रडून रडून झोपली. पोळ्यांचं चामडं झालं. शेवटी वाऱ्यानं बांबूच आडवा झाला, तसे दिवाणजी ओरडले, "लागला! लागला!" आणि लोक घराकडे पळत सुटले.

"दोष दुर्बिणीचा!" राजेसाहेब म्हणाले.

"दुर्बिणीचाच!" दरबार म्हणाला.

झालं! मुंबईचा व्यापारी तीन नव्या दुर्बिणी घेऊन हजर झाला. एक हातभर लांब. दुसरी पितळी कड्यांची, चकचकीत. तिसरी इतकी जबर की तिच्यातून नारळ भोपळ्याएवढा दिसे. पण हात जरा थरथरला की तो भोपळा तमाशातल्यासारखा नाचायला लागे!

सटवाजी घरी आला आणि अडकित्ता हातात धरून नुसताच बसून राहिला. घरात तो आणि त्याची लेक हौसा, दोघंच. तिची आई गेल्यापासून त्याचा चेहरा तिला बरोबर वाचता येई.

"आबा, कोणती निवडलीत?"

"कोणतीही निवडली तरी गाठोडं बांधायचंच आहे, पोरी. बार व्हायच्या आधीच सरकार डोळे गच्च मिटतात आणि बोटाला असा हिसका देतात की नळी आभाळाकडं जाते. मग वर दुर्बीण लाव नाहीतर चाळणी लाव!"

"हे तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे. सांगा की त्यांना."

"कोण सांगणार? तू?"

"मी कशाला?" हौसानं त्याच्या अडकित्त्यातली सुपारी अलगद काढून घेतली. "ही सांगेल!"

सकाळी ती बापाबरोबर दरबारात उभी राहिली.

"सरकार, शुभकार्याला आधी काय मांडतात?"

"गणपती. सुपारीचा. त्याचं काय?"

"मग दुर्बीणही त्यालाच निवडू द्या! नळीच्या टोकावर विड्याचं पान, पानावर गणपती. सरकारांनी घोडा दाबायचा. ज्या दुर्बिणीवर गणपती बसून राहील, ती आपली!"

"आणि गोळी?"

"देवाला बसवून गोळी? शिव शिव! बंदूक रिकामी!"

देवाचं नाव निघाल्यावर नाही कोण म्हणणार? लांब दुर्बीण चढली. राजेसाहेबांनी डोळे मिटले. खट्! सुपारी टुणकन उडाली ती दिवाणजींच्या मांडीवर.

"गणपती उठला!" दरबार कुजबुजला.

पितळी कड्यांची चढली. खट्! सुपारी व्यापाऱ्याच्या चहात. जबर दुर्बीण चढली. खट्! सुपारी कपाटाखाली, आणि तिच्यामागे अख्खा दरबार गुडघ्यांवर!

"माझ्या दुर्बिणीला विलायतेत पदक मिळालंय!" व्यापारी ओरडला.

"असेल हो! पण आमचा देव तिथं परीक्षेला नव्हता!" हौसा म्हणाली.

"तिन्ही नापसंत! आता गं?" राजेसाहेबांनी मिशा ओढल्या.

"सेवा करावी लागेल, सरकार. दुर्बीण मी लाल खणात झाकून चढवीन, कोणती ते देवालाच ठाऊक. रोज आंघोळ झाली की देवाला नळीवर बसवायचं. डोळे टक्क उघडे, मिटलेत तर दर्शन कसं होणार? आणि घोडा कसा दाबायचा? झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढावा, तसा."

राजेसाहेब हट्टी! रोज सकाळी राजवाड्यात खट्, टुण! खट्, टुण! राणीसाहेबांनी कानात कापूस घातला. आणि एका सकाळी नुसतंच खट्! पुढं काहीच नाही. राजेसाहेब ओलेत्यानंच अंगणात धावले, "बसला! गणपती बसला!"

"मग देवानं निवड केली," हौसा म्हणाली, आणि रायफलीवरच्या दुर्बिणीचा लाल खण तिनं गाठ मारून घट्ट आवळला. दोन टोकं तेवढी उघडी. "दसऱ्यापर्यंत सोडायची नाही हं, सरकार!"

दसरा उजाडला. माळ फुलून गेला. सटवाजीनं भरलेली रायफल पुढं केली. घरी गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. हौसानं हळूच त्याचा सदरा धरला.

ठो!

नारळाच्या चिंधड्या! पाणी दिवाणजींच्या पगडीवर! लोकांनी जयजयकार केला, तोही घराकडे धावता धावता!

"वा रे दुर्बीण!" राजेसाहेबांनी खण सोडला आणि थबकले. आत त्यांचीच जुनी, कडेला पोचा पडलेली दुर्बीण! "ही? मग एवढी वर्षं चुकत कोण होतं?"

सटवाजीनं डोळे मिटून घेतले.

"मला काय ठाऊक, सरकार?" हौसा म्हणाली. "सेवेच्या वेळी सरकारांसमोर एकटा गणपतीच असायचा. त्यालाच विचारा!" आणि तिनं सुपारी त्यांच्या तळहातावर ठेवली.

राजेसाहेबांनी सुपारीकडे पाहिलं. सुपारी काहीच बोलेना. त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे हसत सुटले की मुंडासं घरंगळून धुळीत गेलं!

"देव पक्का आहे! चहाडी करत नाही!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात घातलं. "सटवाजी, बिऱ्हाड हलव! वेशीबाहेर नव्हे, राजवाड्याच्या आत! शिलेखान्याच्या किल्ल्या आजपासून तुझ्या लेकीकडे. आणि आता पळा घरी, पोळ्या निवतील!"