यमुनाबाईंची दुर्बीण

बंदरावर अजून वायरलेस आलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. वादळ उठलं की बाया धक्क्यावर उभ्या राहून शिडं शोधायच्या. म्हणून मच्छीमार सोसायटीनं दुर्बिणी घ्यायचं ठरवलं. अध्यक्ष होत्या यमुनाबाई चोगले. त्यांच्या भावाची होडी किनाऱ्याजवळच उलटली होती आणि कुणालाच दिसली नव्हती.

दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीचे मॅनेजर सबनीस नमुने घेऊन आले. यमुनाबाई म्हणाल्या, "आधी पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ."

सबनिसांना राग आला. "आमच्या प्रयोगशाळेनं पास केलेला माल आहे, बाई. बाहेरच्यांनी काय बघायचं त्यात?"

बाईंनी दुर्बीण त्यांच्याच हातात दिली. "दीपगृह दिसतं?"

"स्वच्छ."

"आणि तुमचा चेहरा?"

सबनीस हसले. "स्वतःचा चेहरा कसा दिसेल?"

"कंपनीचंही तसंच असतं, साहेब. तेवढं दुसऱ्याला बघू द्या."

सबनिसांनी माल पुण्याला पाठवला. तपासणीत निम्म्या दुर्बिणींतून एकाची दोन शिडं दिसतील असं निघालं. कंपनीनं त्या मुकाट्यानं बदलून दिल्या.

आता होडी-होडीवर फोन आहेत. तरी म्हाताऱ्या बाया ते दिवस आठवतात. वादळात दुर्बीण हातोहात फिरायची. जिला आपलं शीड दिसायचं, ती डोळे पुसून दुर्बीण शेजारणीला द्यायची.