झिजलेल्या नखांचा चाकू

समुद्रकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध लोहार राहत होता. सारे गाव त्याला तात्या म्हणे. घडीचे चाकू बनवण्यात त्याचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर दुसरा कोणी नव्हता. त्याच्याकडे दत्ताराम नावाचा तरुण विद्या घेत होता. भाता ओढण्यापासून पात्याला धार लावण्यापर्यंत सर्व काही तो मन लावून शिकला, आणि एके दिवशी त्याने केवळ स्वतःच्या कल्पनेतून एक चाकू घडवला.

चाकू खरोखर देखणा होता. मूठ सडपातळ, तिच्या दोन्ही टोकांना पितळेच्या चकत्या, आणि पाते नखाने उघडता यावे म्हणून त्यावर चंद्रकोरीसारखी बारीक खाच. शिवाय स्वस्त, कोणाही खलाशाला सहज घेता यावा असा. जाळी आणि दोर विकणारा एक व्यापारी त्या वेळी दुकानात आला होता. त्याने तो चाकू उन्हात धरून फिरवला आणि म्हणाला, "होड्या पाण्यात जायच्या आत असे शंभर करून दे. सगळे मी उचलतो."

दत्तारामला आपली वेगळी भट्टी डोळ्यांसमोर दिसू लागली. त्याने चाकू गुरूपुढे ठेवला.

तात्याने चाकू उघडला, मिटला, धारेवरून हलकेच अंगठा फिरवला. "पातं उत्तम आहे," तो म्हणाला. मग त्याने कोनाड्यातून नखे काढायची नराणी घेतली. "हात पुढे कर."

दत्तारामने गोंधळून हात पुढे केला. तात्याने शांतपणे त्याच्या दहाही बोटांची नखे पार मांसापर्यंत कापली आणि हात मिठाच्या पाण्यात बुडवायला सांगितले.

"तात्या, पोराचं लग्न ठरलंय की काय?" व्यापारी हसू लागला.

तात्या हसला नाही. ओला, जाड दोर दत्तारामपुढे टाकून तो म्हणाला, "आता तुझा चाकू उघड आणि हा काप."

नख नव्हते, त्यामुळे खाचेत काही रुतेना. बोटे पात्यावरून घसरत राहिली. अखेर दत्तारामने चिडून पाते दातांत धरून ओढले. तो दोर कापू लागला, तर सडपातळ मूठ ओल्या हातात गरगर फिरे आणि पितळेची कड तळव्यात रुते. दोर निम्माही तुटला नव्हता, तोच त्याने चाकू खाली टाकला. तळव्यावर लाल वळ उठला होता.

"असा हात कोणाचा असतो, तात्या?" त्याने रागाने विचारले.

"होडीवरच्या प्रत्येकाचा," तात्या म्हणाला. "दोर ओढून त्यांची नखं झिजलेली असतात. हात कायम ओले. जाळ्यात पाय अडकून माणूस पाण्यात खेचला जातो, तेव्हा दातांनी चाकू उघडत बसायला वेळ नसतो. पात्याचा संबंध दोराशी, मुठीचा माणसाशी. तू पात्याचा विचार केलास आणि मुठीला नुसतं नटवलंस."

"अहो, स्वस्तातला चाकू आहे," व्यापारी मध्येच म्हणाला. "घेणारा एवढं कुठे बघतो?"

"चाकू स्वस्त आहे, शेठ. हात स्वस्त नाही. महागडा चाकू घेणारा त्यानं कधीमधी फळ कापतो आणि ठेवून देतो. स्वस्त चाकू घेणाऱ्याच्या मुठीत तो दिवसभर असतो. मग ती मूठ कोणाची जास्त जपायची?" एवढे बोलून तो शिष्याकडे वळला. "पण चाकू तुझा आहे. द्यायचा की नाही, ते तू ठरव."

दत्तारामने तळव्यावरच्या वळाकडे पाहिले. मग म्हणाला, "शेठ, हा चाकू मी विकणार नाही. दुसरा करतो. थांबलात तर बरं, नाहीतर तुमची मर्जी."

"शेजारच्या गावात चाकू मिळतात," असे म्हणून व्यापारी तडक निघून गेला.

त्या दिवसापासून दत्तारामने आपली नखे वाढू दिली नाहीत. प्रत्येक नवी मूठ तो ओल्या हातानेच पारखू लागला. पहिली जाड झाली, पण गोल असल्याने हातात फिरली. ती त्याने भट्टीत टाकली. नंतरच्या चाकूची, पाते जागी धरून ठेवणारी कमान फारच ताठ झाली. ती सैल केली, तेव्हा पाते मिटून बोटावर आले आणि रक्त निघाले. बोटाला चिंधी बांधून तो पुन्हा कामाला बसला. पितळ त्याने सोडून दिले. बाभळीच्या लाकडाची, मध्ये किंचित फुगीर मूठ केली. तिच्या कडा कानशीने घासून गोल केल्या, पण लाकूड गुळगुळीत होऊ दिले नाही. नखाच्या खाचेऐवजी त्याने मुठीचीच बाजू थोडी कापून काढली, म्हणजे पाते सरळ चिमटीत धरता यावे. तात्या हे सारे पाहत होता. सांगितले मात्र त्याने काहीच नाही.

होड्या पाण्यात लोटायच्या दिवशी गुरुशिष्य धक्क्यावर गेले. तिथे जाळी विकायला आलेल्या त्या व्यापाऱ्याने नवा चाकू पाहिला आणि नाक मुरडले. "यात बघण्यासारखं काय आहे?"

तेवढ्यात एका होडीचा प्रमुख राघो तांडेल धाकट्या भावाशी वाऱ्याविषयी बोलत तिथे आला. त्याच्या हातातल्या दोराला गाठ बसली होती. दत्तारामने चाकू पुढे केला. राघोने बोलता बोलताच तो घेतला, एका हाताने दोर घट्ट धरून ठेवला, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पाते पकडून मूठ मांडीवर दाबली. चाकू उघडला. गाठ कापली गेली. त्याच मांडीवर पाते मिटवून त्याने चाकू आपल्या खिशात टाकला आणि वाऱ्याचे बोलणे पुढे चालू ठेवत होडीत चढला.

दत्तारामचा चेहरा उतरला. "तात्या, त्यानं चाकूकडे एकदा बघितलंही नाही."

"बघावं लागलं नाही," तात्या म्हणाला.

दत्ताराम दूर जाणाऱ्या होडीकडे पाहत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा निवळला. मग कोणाच्या मागणीची वाट न पाहता तो पुढचा चाकू घडवायला परत निघाला.