तळ्यावरचा पहिला पाय

एकदा काय झालं, लांब उत्तरेला, जिथे वाटसुद्धा दमून थांबते, तिथे एक तळं होतं. राजाला त्याचं भारी वेड. उन्हाळ्यात होड्या, पुढे गळ टाकून मासे, थंडीत तळं गोठलं की बर्फावर घसरगाड्या. बाराही महिने राजाची मजा चालायची, आणि काठावरचं गाव त्या मजेवर जगायचं.

गावाची एक रीत होती, बरं का. तळं गोठलं की सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं आधी बर्फावरून पलीकडच्या काठापर्यंत चालत जायचं. तो पोचला, की मग बाकीच्यांनी खेळायचं. रीत चांगली होती. पण म्हाताऱ्यांना जीव प्यारा. मग त्यांनी काय केलं? म्हणाले, "आम्ही पुष्कळ मिरवलो. आता हा मान पोरांचा." आणि स्वतः घोंगड्या पांघरून शेकोटीपाशी बसले.

पहिल्या वर्षी एक पोरगा गेला, पोचला. हार मात्र पाटलाच्या गळ्यात पडला.

गावात येसू नावाची एक पोरगी होती. दुसऱ्या वर्षी तिचा भाऊ भिवा गेला. मधोमध बर्फ तडकला. भिवा वर आलाच नाही. म्हातारे म्हणाले, "ज्याचं त्याचं नशीब." मग हात शेकत बसले.

मग तिसरं वर्ष आलं. पाटील म्हणजे येसूचे सख्खे आजोबा, तिचे आबा. ते म्हणाले, "यंदा मान मैनेला." मैना येसूची धाकटी बहीण. अजून दुधाचे दात पडत होते तिचे.

येसू तडक तळ्यावर गेली. काठावर ओणवी होऊन बर्फाला म्हणाली, "तळ्या, तळ्या, माझी बहीण पेलशील ना?"

तळं म्हणालं, "नाही गं बाई. बारा महिने अंगावर नाच. डोळ्याला डोळा नाही. झोपल्याशिवाय माझा बर्फ घट्ट कसा होईल? एक हिवाळा झोपू द्या मला."

येसूनं घरी येऊन सांगितलं. आबा खेकसले, "तळं बोलतं होय? राजा रुसला तर खाशील काय? तोंड मिट."

मग खेळांचा दिवस उजाडला. राजा आला. मैना पुढे निघाली, तशी येसूनं तिला कडेवर उचललं आणि काठावर बसकण मारली. मग गावातली सगळी पोरं एकेक करून तिच्याशेजारी येऊन बसली.

"आबा, रीत तुमची आहे," येसू म्हणाली. "बर्फ घट्ट आहे म्हणता ना? मग जा की!"

आबांनी शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याला खोकला आला. तिसऱ्याचा गुडघा धरला.

राजा म्हणाला, "तुमचीच छाती होत नाही, तर मी कशाला मरू?" आणि घसरगाड्या घेऊन चालता झाला.

त्या हिवाळ्यात तळं गाढ झोपलं.

पुढे मैना मोठी झाली, सुखानं राहिली. म्हातारेही सुखानंच राहिले. 'पोरीला आम्हीच वाचवलं' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. भिवा? नाही रे, भिवा नाही आला परत. चला, पाय आत घ्या, डोळे मिटा.