विहिरीतल्या पारव्यांची बोली

साळुंकी खरं तेच बोलली होती, पण मेल्या एकानंही विश्वास ठेवला नाही. फार जुनी गोष्ट. ती विहिरीतल्या पारव्यांच्या शेजारी राहायला आली आणि त्यांची बोली शिकू लागली. पारवे चोच मिटून, गळा फुगवून बोलतात. साळुंकीची चोच काही केल्या मिटेना.

"अगं, केकाटतेस काय? गळ्यात घुमव!" असं म्हणून शेजारीण घुमाबाई पोट धरून हसायची. तिचं बघून सगळी विहीर हसायची. साळुंकीला लाज वाटे, तरी ती रोज घुमवत राही.

एका दुपारी घुमाबाईच्या अंड्यांकडे साप सरकताना तिला दिसला. "साप आला, धावा!" ती पारव्यांच्याच बोलीत जीव तोडून ओरडली.

"ऐका, बाईंचा आजचा धडा!" काठावरचे पारवे खिदळले. घुमाबाईही खिदळली.

अंडी गेली. मग सगळे साळुंकीवरच उखडले, "नीट बोलता येत नाही, तर शिकावं कशाला?" तिची मान खाली गेली.

रिकाम्या घरट्यातून घुमाबाई म्हणाली, "तिला कशाला बोलता? शब्द तर सगळ्यांना कळले होते. पण तिनं तोंड उघडलं की हसायचं, ही खोड विहिरीला लावली कुणी? घ्या की नाव! घुमाबाई."