तिसऱ्या अंकातलं पत्र

"पण माझं चुकतंय कुठे, ते तरी सांगाल की नाही?"

श्रीरंग कानडेचा आवाज रिकाम्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आला. आवाज त्याचा पहिल्यापासून खणखणीत. त्याबद्दल त्याचे वैरीसुद्धा वाईट बोलत नसत.

नाटक बसवणारे मास्तर पहिल्या रांगेत होते. ते धोतराच्या सोग्याने चष्म्याची काच पुसत राहिले.

सकाळपासून सहा वेळा त्यांनी तालीम त्याच जागी थांबवली होती. तिसरा अंक. पोस्टमन दारातून हाक मारतो, म्हातारे तात्या घर सोडून गेलेल्या मुलाचं पत्र उघडतात, मोठ्याने वाचतात आणि फाडून टाकतात. पडदा. 'दुपारचं टपाल' बघायला लोक यायचे ते या पाच मिनिटांसाठी.

आणि ही पाच मिनिटं एके काळी श्रीरंगची होती. तीनशे प्रयोग केले होते त्याने. मग मालिकेचं बोलावणं आलं आणि स्वारी मुंबईला गेली. मास्तरांना निरोप दिला तोही दुसऱ्याच्या तोंडून.

नऊ वर्षांनी तो स्वतःहून परत आला होता. चेहरा आता घरोघरी ओळखीचा झाला होता, पण तात्यांचा जुना कोट अंगावर चढवताना जे वाटायचं, ते पुन्हा कुठेच वाटलं नव्हतं. हे त्याने कुणाजवळ कबूल केलं नव्हतं, एवढंच.

"उद्या चार वाजता प्रयोग आहे मास्तर."

"आहे."

"मग आता तरी..."

"उद्या तात्या कोण करणार, ते संध्याकाळी ठरवू, श्रीरंगराव."

ठरवू? बाहेर हातभर जाहिरात लागली होती, तिच्यावर श्रीरंगचा फोटो होता.

त्यात ते 'राव'. त्यापेक्षा शिवी परवडली असती. पूर्वी मास्तर त्याला रंग्या म्हणत, आणि नाटकात असला की तात्या. नाटक मंडळीची ती रीतच होती. भूमिका अंगात मुरली असं मास्तरांना वाटलं की ते नटाला भूमिकेच्या नावाने हाक मारायचे. मग चहाच्या टपरीवरही तेच नाव चालायचं. तीन दिवस तालीम चालली होती आणि तीन दिवस श्रीरंग त्या एका हाकेची वाट पाहत होता.

पण तात्या म्हणून हाक जायची ती कोपऱ्यातल्या दत्ता लोहारला. दत्ता बँकेत कारकून. नऊ वर्षं ही भूमिका तो करत आला होता. पाठांतर कच्चं, आवाज बेताचा. तो मांडीवर टोपी ठेवून मुकाट बसला होता, आणि त्याचं ते मुकाट बसणंच श्रीरंगला जास्त झोंबत होतं.

मास्तर उठले. शबनम पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी श्रीरंगच्या हातात दिला. नाटकातलं पत्र ते नेहमी स्वतःच तयार करत, कुणाला हात लावू देत नसत. म्हाताऱ्याची खोड, म्हणून श्रीरंगने तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. सकाळपासून फाडलेल्या सहा कागदांचे तुकडे त्याच्या पायाशी पडले होते.

"टपाल," मास्तर परत खुर्चीवर बसत म्हणाले. अगदी कोरडं.

श्रीरंगने दाराकडे पाहिलं. चार पावलं टाकली. घडी उघडताना बोटं किंचित थरथरली, बरोबर तीनदा, ठरल्याप्रमाणे.

"तीर्थरूप तात्यांस शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, इकडे मी सुखरूप आहे. घरी यावं असं रोज वाटतं, पण तुम्ही दार उघडाल की नाही, याची खात्री वाटत नाही..."

एक काना-मात्रा इकडची तिकडे झाली नाही. हुंदका 'दार' या शब्दावर, पूर्वी यायचा तिथेच आला. कागद फाडायला त्याने हात वर नेला.

"थांबा. फाडू नका."

श्रीरंगचा हात तसाच राहिला.

"छान पाठ आहे," मास्तर म्हणाले.

"तीनशे प्रयोग केलेत. झोपेतून उठवलं तरी म्हणेन."

"म्हणाल. मग कागद कशाला धरलाय?"

"...म्हणजे?"

"हातात काय आहे?"

"पत्र."

"कुणाचं?"

श्रीरंगचा संयम सुटला. "मुलाचं! तात्यांच्या मुलाचं. मास्तर, तुम्हाला मला काढायचं असेल तर सरळ सांगा ना. मी सोडून गेलो त्याचा राग आहे, कळतंय मला. पण हे असं..."

"वाचा ते."

"वाचलं की आत्ता!"

कोपऱ्यात दत्ताने मान खाली घातली.

श्रीरंगने चिडूनच कागदाकडे पाहिलं...

आणि पाहतच राहिला.

कागदावर तीर्थरूप नव्हतं, नमस्कार नव्हता. मास्तरांच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरांत दोनच ओळी होत्या.

'रंग्या, कालपासून घसा खाकरतोयस. विंगेत स्टुलावर ज्येष्ठमध ठेवलाय, पुडीत. चघळ.'

त्याने विंगेकडे पाहिलं. स्टुलावर कागदाची पुडी होती. सकाळपासून तो तिच्याजवळून सात वेळा गेला होता.

वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता.

"आधीही..." श्रीरंगचा खणखणीत आवाज आता पुढच्या रांगेपर्यंतही नीट पोचेना. "आधीही असंच लिहीत होतात?"

"टपाल आहे ते. रोज एकच कसं येईल?"

"तीनशेच्या तीनशे प्रयोगांना?"

मास्तर पुन्हा चष्म्याची काच पुसू लागले.

दत्ता चाचरत म्हणाला, "मलासुद्धा कुणी सांगितलं नव्हतं हो. माझं पाठांतर हे असलं. पहिल्याच प्रयोगाला वाक्यं साफ विसरलो. वाटलं, कागदावर असतील, म्हणून खाली पाहिलं..." तो थांबला. "मग माझ्याने बोलवेचना. लोक म्हणाले, तात्यांना काय गहिवरून आलं! मी नुसता रडत होतो. पुढची वाक्यं कशी आठवली, देव जाणे."

श्रीरंग गुडघ्यांवर बसला. पायाजवळचे तुकडे तो भराभरा गोळा करू लागला. एका तुकड्यावर 'आईला' एवढंच होतं. दुसऱ्यावर 'आठवतं का'. तो एकाला दुसरा जुळवून पाहत होता, पण सहा पत्रांचे तुकडे एकमेकांत मिसळले होते.

"राहू दे ते," मास्तर म्हणाले. "ती गेली."

राव गेलं होतं. अहोजाहोही गेलं होतं. पण श्रीरंगच्या ते ध्यानातच आलं नाही, कारण त्याच्या मनात भलतीच गोष्ट उभी राहिली होती.

"मास्तर... शेवटचा प्रयोग. मी गेलो, त्याच्या आदल्या दिवशीचा."

"हं."

"मी जाणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग त्या दिवशी पत्रात..." त्याला पुढे विचारवेना. विचारल्याशिवाय राहवेनाही. "त्या दिवशी काय लिहिलं होतंत?"

मास्तरांनी चष्मा चढवला. श्रीरंगकडे नीट पाहिलं.

"तू फाडलंस ना?"

श्रीरंगने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हा हुंदका कुठल्या शब्दावर यायचा, ते काही ठरलेलं नव्हतं.

मास्तरांनी शबनममधून कोरा कागद काढला. गुडघ्यावर धरून पेन्सिलीने ते काही लिहू लागले. मध्येच थांबले, एक शब्द खोडला, पुन्हा लिहिलं. मग कागदाची चार पदरी घडी घालून ते पायऱ्या चढून रंगमंचावर आले. श्रीरंगच्या शेजारून जाताना थांबलेही नाहीत. सरळ विंगेत, पोस्टमनच्या जागेवर जाऊन उभे राहिले.

श्रीरंग उठला. तोंड पुसलं. आपल्या जागेवर गेला. पण तिथून दारापर्यंत चार पावलं होती की पाच, हे त्याला काही केल्या आठवेना.

"मास्तर," तो दाराकडे न पाहताच म्हणाला, "त्यात काय आहे?"

विंगेत कागदाची घडी सळसळली.

मग दाराची कडी वाजली.

"तात्या, टपाल आलंय."