ठमीनं मिटलेलं रान उघडलं

फार वर्षं झाली त्याला. घाटमाथ्यावरच्या कोंडसर गावात तेव्हा डुकराच्या शिकारीला, आरडाओरडा करून जनावर उठवायला, हाका निघायचा, आणि हाक्याचं पितळी शिंग ठमी फुंकायची. हो, बाईच. बाप शिंगवाला होता, त्याला पोरगा नव्हता, दम्यानं त्याची छाती गेली तेव्हा लेकीनं शिंग उचललं. गावातले बाप्ये फिदीफिदी हसले.

"ठमे, मिशा कधी फुटायच्या गं?"

"शिंगाला मिशा लागत नाहीत, छाती लागते. ये, तूच फुंक."

एकानं फुंकलं. रेडकू हंबरल्यागत झालं. पुन्हा कोणी तिच्या वाटेला गेलं नाही.

शिंगाचा एक लांब सूर निघाला की हाकारे रानात शिरायचे. तीन चढते सूर ऐकले की परत फिरायचे. आणि सगळे बाहेर आले की ठमी एकच सूर वरून खाली सोडायची, हळूहळू, जमिनीत मुरेपर्यंत. त्याला रान मिटवणं म्हणत. मिटलेल्या रानात जो राहिला तो रानाचा झाला, असं म्हणतात. म्हणून मिटवल्यावर त्या दिवशी शिंगाला कोणी तोंड लावायचं नाही.

सगळे आले हे कळायचं वहाणांवरून. रान देवाचं, आत अनवाणी जायचं. हाकारे काठावरच्या काळ्या कातळावर वहाणा काढत आणि परतल्यावर घालत. कातळ रिकामा, म्हणजे रान रिकामं.

त्या दिवशी हाक्यात ठमीचा नवरा धाकलूही होता. त्याच्या वहाणेचा अंगठा तुटलेला. तो आत गेला तशी ठमीनं त्याच्या वहाणा उचलून ओटीत घेतल्या आणि दाभण घेऊन शिवत बसली. भर दुपारी धुकं उतरलं. डुक्कर पडलं. तिनं तीन सूर दिले. हाकारे आले, वहाणा घालून गावच्या खोताभोवती जमले.

"मिटव गं बाई," खोत ओरडला, "पोटात कावळे कोकलतायत!"

ठमीनं कातळाकडे पाहिलं. रिकामा होता. तिनं रान मिटवलं.

सूर संपला आणि ओटीतलं दाभण तिला टोचलं.

तिनं ओटी चाचपली, धाकलूच्या वहाणा तिथंच होत्या. मग शिंग पुन्हा तोंडाशी नेलं. खोतानं हात धरला. "मिटलेलं रान उघडू नकोस, ठमे! आत काय काय आहे ठाऊक आहे का?"

"आत माझे घरधनी आहेत. एवढं ठाऊक आहे. हात सोडा."

तिनं तीन सूर दिले. धुक्यातून हाकाऱ्यांची आरोळी आली. एकाची नाही, बऱ्याच जणांची. आणि माणसं बाहेर येऊ लागली. अनवाणी, पानांच्या रंगाची, जुन्या तऱ्हेचे पटके बांधलेली. आवाज न करता ती कातळापाशी आली आणि वाकून वाकून चाचपू लागली.

गर्दीतला म्हातारा सुभान पुढं झाला. "दादा?" साठ वर्षांपूर्वी हरवलेला त्याचा थोरला भाऊ, अजून विशीतलाच. त्यानं मान वर केली नाही. तो वहाणा शोधत होता.

ठमी फुंकत राहिली. ओठ फाटले, शिंगातून रक्त ठिबकलं. प्रत्येक सुराला कोणीतरी येई, धाकलू येईना. सगळ्यांत शेवटी तो आला, आणि तोही पानांच्या रंगाचा. ठमीनं शिवलेल्या वहाणा कातळावर ठेवल्या. त्यानं पाय घातले. तेव्हा कुठं त्याच्या अंगावर माणसाचा रंग चढला.

बाकीचे तसेच उभे. आता त्यांची नजर जमलेल्या लोकांच्या पायांवर होती.

"बघता काय? काढा वहाणा!" ठमी कडाडली. "खोत, तुम्हीसुद्धा!"

खोतानं जरीचा जोडा काढला. ती माणसं एकेक जोड घालून गावाकडे उतरली. जो तो आपापल्या गल्लीत वळला. अंगणाअंगणांत आत गेलेली पावलं उमटली होती, बाहेर आलेली कुठंच नव्हती, असं म्हणतात.

एक जण मात्र उरला. त्याच्यापुरता जोड निघाला नाही.

"थांब रे बाबा," ठमी म्हणाली, "उद्या आणते." दुसऱ्या दिवशी तिनं चांभाराकडून नवा जोड करवून आणला आणि कातळावर ठेवला. तिसऱ्या दिवशी तिथं ना जोड होता, ना तो माणूस.

धाकलू पुढं पुष्कळ जगला. रानात काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही. वहाणा मात्र झोपतानाही काढल्या नाहीत.

आता शिकार नाही, हाका नाही. तरी वर्षातून एकदा, त्याच दिवशी, ठमीच्या नावानं कोंडसरची एक बाई कातळावर उभी राहून शिंग फुंकते. बाईच, बाप्या नाही. तीन चढते सूर देते आणि थांबते. मिटवायचा सूर त्या गावात कोणाला शिकवतच नाहीत. सूर झाले की कातळावर नवाकोरा जोड ठेवायचा आणि मागं न बघता घरी यायचं.

आजवर एकही जोड तिथं उरलेला नाही.