साळोबाने पुन्हा आवळलेले नट

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाट कोणता ते आता नक्की आठवत नाही. साळोबा नावाचं साळिंदर बायकोसह चाकांवरच्या घरात राहायचं. एकदा त्यानं स्वतःच नवं चाक बसवलं आणि दिवसभर गाडी हाकली. समोर घाट दिसताच तो पाना घेऊन खाली उतरला.

“अहो, निघताना चारदा आवळलेत की नट!” साळूबाई खिडकीतून म्हणाली.

“आवळले गं, पण चाक निखळलं तर घरासकट दरीत जाऊ.”

“स्वतःच्या हातावर भरवसा नाही आणि म्हणे मिस्त्री!” चाक खदखदून हसलं.

साळोबा ओशाळला, तरी त्यानं पाना लावलाच. पाचही नट अर्धा-अर्धा फेरा सैल निघाले. त्यानं ते घट्ट आवळले आणि गाडी घाटात घातली.

कित्येक वर्षांनी त्याला गाडीचं माहितीपुस्तक सापडलं. त्यात छापलं होतं, ‘नवं चाक थोडं चालल्यावर नट पुन्हा आवळावेत.’